मॅडम, प्लेगचं वाचताना मला मजा येते, मी वाईट आहे का?

मध्यंतरी एक मुलगी आली होती, इतिहासात एमए करतेय, मूळची साताऱ्याकडची (ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडे केलंय). खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली, मॅडम जरा विचित्र प्रॉब्लेम आहे, हसू नका. तर तिचा प्रोजेक्ट १८९६-९७ च्या मुंबई-पुण्यातल्या प्लेगवर, आणि तिला त्यात प्रचंड मजा येतेय, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचत बसते, जेवायचं भान नाही. सुट्टीत घरी गेल्यावर उत्साहात ताटावरच सांगायला लागली तर आजी म्हणाली, "मेलेल्या माणसांची मजा वाटते होय गं तुला?" झालं. तेव्हापासून पुस्तक उघडलं की पोटात गोळा.

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळे कपडे घालून येतो, कुणाचं पानिपत, कुणाची फाळणी. एक रिटायर्ड काका तर महायुद्धाच्या डॉक्युमेंटऱ्या काकू झोपल्यावर आवाज बंद करून बघायचे!

खरं सांगते, पहिल्या सेशनला मी माती खाल्ली. "अगं नॉर्मल आहे हे, मनाला लावून घेऊ नको" म्हणून मोकळी झाले. पुढच्या आठवड्यात तोच चेहरा घेऊन परत. मग म्हटलं, मजा येते ना, नेमकी कुठल्या पानावर आली ते दाखव बघू.

तिनं वही काढली. एका पानावर पेन्सिलनं काचेची बरणी, आत एक आजारी उंदीर आणि वर जाळीच्या पिंजऱ्यात दुसरा धडधाकट. सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये कराचीत केलेला प्रयोग. उंदीर एकमेकांना शिवू शकत नाहीत तरी वरचा मेला, कारण पिसवा जाळीतून उड्या मारून गेल्या. सुरुवातीला फारसं कुणी मनावर घेतलं नाही, पुढं मुंबईतच प्लेग कमिशननं प्रयोग करून तेच दाखवलं. "आणि मॅडम, आमच्याकडे म्हणतात ना उंदीर पडले की घर सोडायचं, ते मला तेव्हा कळलं! उंदीर मेला, गार पडला की पिसवा माणसावर येतात, म्हणजे लोक बरोबर करत होते!" बोलताना डोळे नुसते चमकत होते.

म्हटलं, आता न आवडलेलं पान. तर वहीत दोन दिवसांची तारीखच गायब. सावित्रीबाईंनी मुंढव्याहून प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घालून दवाखान्यात आणलं, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या, हे वाचून तिनं पुस्तक मिटलं ते दोन दिवस उघडलंच नाही. रँडच्या सोल्जरांनी घराघरात घुसून केलेली तपासणी वाचतानाही हात थरथरत होते म्हणाली.

मी एवढंच विचारलं, मग मेलेल्या माणसांची मजा कुठल्या पानावर वाटली गं? बराच वेळ वही चाळत बसली. सापडेना. तिची मजा होती कोडं सुटण्याची, आणि जिथं माणूस दिसला तिथं ती आपोआप थांबली होती, कुणी न सांगता. (वाचलेलं स्वप्नात यायला लागलं, किंवा क्रूरपणाचेच भाग शोधून शोधून वाचावेसे वाटायला लागले तर मात्र नक्की येऊन बोला, ते वेगळं प्रकरण.)

आजीचा राग तिला अजून टोचत होता. आजीच्या सासरी प्लेगात माणसं गेलेली, तिच्यासाठी तो प्रोजेक्ट नव्हता. म्हटलं, आता सांगायला जाऊ नको, विचारायला जा.

परवा फोन आला तिचा. आजीनं दोन तास बोलून घेतलं म्हणे, रडलीसुद्धा, कोण कोण गेलं ते बोटावर मोजून सांगितलं. आणि मग मध्येच हसली, म्हणाली, "सासूबाई सांगायच्या, उंदीर पडले की सगळा गाव रानात झोपड्या घालून राहायचा, शाळा बंद, पोरांना काय मज्जा यायची!"