दहा वर्षं सीएचबीवर, मग माझ्यातच काही कमी आहे का?

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांत सीएचबीवर, म्हणजे कायम नेमणूक नसताना तासाप्रमाणे पैसे घेऊन शिकवणारे प्राध्यापक खूप वाढलेत. प्राध्यापक व्हायला लागणारी सेट परीक्षा झालेली, पीएचडी झालेली, वय चाळिशीकडे निघालेलं, आणि सगळ्यांचं म्हणणं जवळपास एकच, "मॅडम, माझ्यातच काहीतरी कमी असणार, नाहीतर इतकी वर्षं लागली असती का?" झोप नाही, घरात चिडचिड, नातेवाइकांच्या लग्नांना जाणं बंद. हे इतक्यांदा ऐकलं की एकाची गोष्ट लिहायचीच ठरवली, अर्थात त्यांना विचारून आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

त्यांना नुसतं सर म्हणूया. परभणीकडचे, विषय इतिहास, अनुदानित, म्हणजे पगार सरकार देतं अशा कॉलेजात तासिका तत्त्वावर (हेच सीएचबी). पहिल्याच भेटीत त्यांनी हिशोब मांडला. तासाला 900 रुपये, आठवड्याला 9 तास, म्हणजे चांगल्या महिन्यात 32 हजारांच्या आसपास, पण दिवाळीची सुट्टी, उन्हाळा यात शून्य, आणि बिल जेडी ऑफिसमधून, म्हणजे उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयातून निघेपर्यंत सगळं उधारीवर. शेजारच्या खुर्चीवरचे कायम प्राध्यापक तोच सिलॅबस शिकवतात आणि पगार कितीतरी पट. "वडील फोनवर विचारतात, झाला का रे परमनंट? आता त्यांचा फोन वाजला तरी छातीत धडधडतं."

मी विवेकनिष्ठ विचारांची. घटनेचा आपण काय अर्थ लावतो त्यावर त्रास किती होणार हे बरंचसं ठरतं असं मानणारी. पण या लोकांच्या बाबतीत मी एक पथ्य पाळते, अर्थाकडे वळण्याआधी घटना नीट बघायची. यांचा प्रश्न सुरू होतो वित्त विभागाच्या फायलीत, आणि तिथली गोष्ट न बघता "पॉझिटिव्ह राहा" म्हणणं हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

आधी झोप जरा मार्गी लावली. मग एके दिवशी मी विचारलं, "सर, दख्खनचे दंगे शिकवता? पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांचा सावकारांविरुद्धचा उठाव?"

"हो, सेकंड इयरला. का?"

"1875 ला सुप्याचा शेतकरी कर्जात का बुडाला?"

आणि समोर बसलेला खचलेला माणूस एकदम शिक्षक झाला हो! अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, आपल्या कापसाचे भाव चढले, सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली, 1865 ला युद्ध संपलं आणि भाव कोसळले, त्यात सरकारने शेतसारा वाढवला... मला थांबवावंसंच वाटेना.

"म्हणजे शेतकरी नालायक होता म्हणून नाही?"

"छे! असं पेपरात कोणी लिहिलं तर मी एक मार्क देणार नाही."

"मग तुमच्या दहा वर्षांचा इतिहास तुम्ही कसा लिहिलाय?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकच कारण दिलंय. मी."

हा प्रश्न मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवला नव्हता, तो त्यांच्याच विषयातून सापडला. समोरच्याकडे असलेलं शहाणपण त्याच्याच कामी लावणं हेच आमचं खरं कसब असं मला वाटतं, आणि त्या दिवशी ते जमलं याचा आनंद अजूनही आहे.

मी त्यांना सनावळी करायला सांगितली, एका बाजूला सरकारचे निर्णय, दुसऱ्या बाजूला स्वतःचे अर्ज आणि मुलाखती. पुढच्या भेटीला चार पानं घेऊन आले. मे 2017, आकृतिबंध, म्हणजे कुठे किती पदं असावीत हे नव्याने ठरेपर्यंत नवी भरती थांबवली, नेमकी त्याच वर्षी यांची पीएचडी झालेली. नोव्हेंबर 2018, रिक्त पदांपैकी 40 टक्के म्हणजे 3580 भरायला परवानगी, पण पुढे रोस्टर म्हणजे आरक्षणाच्या जागांची तपासणी, एनओसी, जाहिरात यात महिने गेले. 4 मे 2020, कोविडमुळे विकासकामांचा निधी 33 टक्क्यांवर आणला आणि आरोग्याशी संबंधित खाती सोडून नवी भरती बंद. मग नोव्हेंबर 2021 ला त्या 3580 मधली उरलेली 2088 भरायला पुन्हा परवानगी.

दुसऱ्या बाजूचं पान जवळपास कोरं होतं. "मॅडम, मला वाटायचं वीस-पंचवीस ठिकाणी मला नाकारलंय. खऱ्या मुलाखती झाल्या तीन. बाकीच्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती आणि मी स्वतःला नापास करत होतो."

पैशाची ओढाताण झाली की पदंच आधी का थांबतात हेही त्यांनी मला समजावलं. राज्याच्या बजेटमध्ये पगार, पेन्शन आणि व्याज द्यावंच लागतं, आणि अनुदानित कॉलेजचा कायम माणूस म्हणजे पुढची कित्येक वर्षं पगार आणि वर निवृत्तीचे लाभ. म्हणून कोणी रिटायर झालं की जागा रिकामी ठेवायची, कोणाला काढावं लागत नाही, ओरड होत नाही, वर्ग सीएचबीवर चालतो. तिजोरीची ही बचत एखाद्याच्या घरात लाज होऊन येते, हे मला त्या पानांमुळे नीट दिसलं.

लगेच सगळं छान झालं असं नाही. आधी त्यांना प्रचंड राग आला आणि मी तो येऊ दिला, कारण लाजेपेक्षा राग बरा, रागातून माणूस निदान संघटनेच्या बैठकीला तरी जातो. ते गेले. दिवाळीत गावी जाऊन वडिलांना ती पानं वाचून दाखवली. वडील म्हणाले, "मंग सरकारनंच जागा भरल्या न्हाईत म्हण की." एवढंच. हे सांगताना सर रडले.

तुम्ही याच परिस्थितीत असाल तर आज एवढं कराच, तुमची सनावळी लिहा, तारखांसकट. खरी मुलाखत देऊन नाकारलं गेलं तेवढ्यावरच स्वतःला तपासा, तिथे खरंच सुधारायला जागा असू शकते, शोधनिबंध कमी असतील, मुलाखतीची तयारी कमी असेल. दोष आपला नसला तरी पुढे काय करायचं हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं, म्हणून किती वर्षं थांबायचं ते घरच्यांसोबत बसून ठरवा, आणि ठरवताना हातातल्या पैशाकडे बघा, भरतीच्या बातम्यांकडे नको. घरच्यांनो, "त्याचं बघ कसं झालं" हे वाक्य कृपया बंद करा. आणि जगणंच नको वाटायला लागलं तर वाट बघू नका, टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, लावा.

सर अजून सीएचबीवरच आहेत. शनिवार-रविवार स्पर्धा परीक्षेच्या क्लासवर इतिहास शिकवतात, तिथे पैसे वेळेवर मिळतात. आणखी दोन शैक्षणिक वर्षं द्यायची, आणि पोस्टसाठी कोणी पैसे मागितलेच तर द्यायचे नाहीत, हे नवरा-बायकोने मिळून ठरवलंय.