सही करण्याआधी आईचे नाव कुठे आहे ते बघा

न्यू जर्सीहून एका ताईंचे पत्र आहे. वडील गेल्या वर्षी गेले, मृत्युपत्र केलेले नव्हते. नागपुरात प्रतापनगरला त्यांनी बांधलेले घर आणि काटोलजवळ आजोबांकडून आलेली संत्र्याची बाग. भावाने हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला आहे आणि मुखत्यारपत्र करून पाठव म्हणतो. ताई लिहितात, "मला तिथले काहीच नको, पण सही करवत नाही. मी लोभी झाले का?"

नाही, ताई. आणि तो मसुदा तुम्ही माझ्याकडे पाठवलात हे फार चांगले केलेत. पहिलेच पान पुन्हा वाचा. 'लिहून घेणार', म्हणजे ज्याच्या नावे हक्क जाणार तो, एकटा भाऊ. 'लिहून देणार क्रमांक 1' कोण? तुमची आई. क्रमांक 2 तुम्ही. म्हणजे ज्या घरात आई आज राहते, त्या घरावरचा तिचा हक्क एका सहीत संपणार आहे. तुमच्या लांबलचक पत्रात भाऊ आहे, वहिनी आहे, भाऊबीज आहे, लोक काय म्हणतील तेही आहे. आईच्या हिश्श्याबद्दल मात्र एक ओळ नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात अशा आया मी पाहिल्या आहेत. फोटो काढताना पदर सारखा करतात, दाखवतील तिथे अंगठा टेकवतात आणि आपण काय दिले हे विचारतसुद्धा नाहीत. मुलगा वाईट असतो असे नाही. पण उद्या घर विकले, कर्ज काढले, त्याचेच काही बरेवाईट झाले, तर आईच्या हातात कागद कोणता?

वडील मृत्युपत्र न करता गेले तर पत्नी, मुलगा, मुलगी सारखे वारस. आजी हयात असती तर तीही वाटेकरी झाली असती. बाग वडिलोपार्जित धरली काय किंवा वडिलांची स्वतंत्र धरली काय, तुमच्या घरात हिशेब एकच येतो: आई, भाऊ आणि तुम्ही, प्रत्येकी एक तृतीयांश. लग्न झाले, परदेशी पासपोर्ट आला, म्हणून हा हक्क जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांना इथली शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने मिळू शकते.

हा हक्क आपल्याला कुणी ओवाळणीत घातलेला नाही. 20 जुलै 1942 रोजी याच नागपुरात दलित महिलांची परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि बाबासाहेब समोर बसलेल्या हजारो बायकांशी बोलले. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद व्हावे, असे ठराव त्या बायकांनी केले. पुढे बायकांना वारसा आणि घटस्फोटाचे हक्क देऊ पाहणारे हिंदू कोड बिल अडवले गेले आणि 1951 मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. 1956 मध्ये हिंदू वारसा कायदा आला, तो बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही लागू आहे. पण वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्माने वाटेकरी नव्हतीच. महाराष्ट्राने 1994 मध्ये ते बदलले, तरी आधी लग्न झालेल्या मुली बाहेरच राहिल्या. 2005 च्या दुरुस्तीने ती अट गेली, आणि त्या वेळी वडील हयात असायलाच हवेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. एवढ्या लांबून आलेला हक्क निदान वाचून तरी सोडावा.

तुम्हाला खरेच काही नको असेल तर नका घेऊ. पण हक्क भावाच्याच नावे सोडावा असा नियम नाही, आईच्या नावेही सोडता येतो. मी तेच सुचवेन. आईने स्वतःचा हिस्सा अजिबात सोडू नये. भावाने आजारपणात वडिलांचे सारे केले असेल, तर त्याचा मान ठेवून बोला. तुमचे त्याच्याशी भांडण नाही, तेव्हा फोन त्याच्यासमोरच करा, स्पीकरवर, आणि आईलाच विचारा तिला काय हवे.

एक अवघड प्रश्नही विचारते, राग मानू नका. तुमचे सासरे गेले तेव्हा नणंदेची सही कुणी घेतली? तुमच्या यजमानांनीच ना? तुम्ही तेव्हा काही बोललात का? नसाल, तर हे पत्र त्यांनाही वाचायला द्या.

आता कागदांचे. घराची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि बागेचा सातबारा मागवा, फेरफारात, म्हणजे मालकीबदलाच्या नोंदीत, तिघांची नावे लागली का ते पाहा. भूखंड लीजचा असेल तर नागपूर सुधार प्रन्यासच्या दप्तरी काय नोंद आहे तेही बघावे लागेल. सर्वाधिकार देणारे मुखत्यारपत्र करू नका. कोणते काम, कोणती मिळकत, एवढेच त्यात असू द्या. ते भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घेता येते आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. नोंदलेले हक्कसोडपत्र नंतर रद्द करून घेणे फार अवघड असते, म्हणून भावाच्या वकिलाखेरीज स्वतःचा वकील नागपुरात गाठा. आईशी बोलणे होईपर्यंत वकिलातीची अपॉइंटमेंट घेऊ नका.