एक्सएमएलचं प्रशिक्षण : मॅनेजरच्या बॅचला बसावं की डेव्हलपरच्या?

प्रश्न : मी कराडची. 31 वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे. परदेशी विज्ञान-नियतकालिकांचे लेख छपाईसाठी आणि वेबसाठी तयार करून देणाऱ्या पुण्यातल्या कंपनीत ती चार वर्षं कॉपी एडिटर आहे, आता टीम लीडर होतेय. कंपनी एक्सएमएलचं, म्हणजे संगणकाला कळतील अशा खुणा मजकुरात घालायच्या पद्धतीचं, प्रशिक्षण देणार आहे. मॅनेजर आणि लीडरना एक दिवस, डेव्हलपरना सहा दिवस. ती सहा दिवसांचं मागतेय आणि त्यासाठी एक वर्षाचा बाँड आहे. मुलगा इंजिनिअर आहे, तो म्हणतो एक्सएमएल जुनं झालं, आता सगळं जेसन, म्हणजे माहिती लिहायची दुसरी पद्धत. बढती मिळाल्यावर प्रोग्रामरांच्या वर्गात जाऊन बसणं म्हणजे खाली उतरणं नाही का? की बाहेर 35,000 रुपयांचा कोर्स लावू?

उत्तर :

बाई, सप्रेम नमस्कार. तुम्ही शिक्षिका, म्हणून बाईच म्हणते. लेकीनं सहा दिवसांच्या बॅचलाच बसावं. बाहेरचा कोर्स लावू नका.

तुम्ही फळ्यावर वाक्य लिहून मुलांकडून वाक्यपृथक्करण करून घेतलं असेल. उद्देश्य कुठलं, विधेय कुठलं, विस्तार कुणाचा. मार्कअप, म्हणजे एक्सएमएलसारख्या खुणा घालणं, हे तेच काम आहे, फक्त वाक्याऐवजी अख्ख्या लेखाचं. <शीर्षक>पावसाच्या पाण्यातील नायट्रेट</शीर्षक> असं लिहिलं की संगणकाला कळतं, हे शीर्षक आहे. ते ठळक छापायचं की मोठं, हे नंतर वेगळ्या ठिकाणी ठरतं. अक्षर कसं दिसतं यापेक्षा मजकूर काय आहे ते आधी लिहून ठेवायचं, हा विचार 1969 पासून आयबीएममध्ये आकाराला आला. 1986 मध्ये त्यातून एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झालं आणि 1998 मध्ये त्याचं सुटसुटीत रूप म्हणून एक्सएमएल आलं. मुलीच्या क्षेत्रात बहुतेक जॅट्स वापरतात. शोधनिबंधांसाठीची ही ठरीव खुणांची पद्धत 2012 पासून अमेरिकेत मानक आहे.

यात तपासणी दोन पातळ्यांवर होते. उघडलेली प्रत्येक खूण नीट बंद झाली का, ही पहिली. खुणा ठरलेल्या नियमांप्रमाणे, ठरलेल्या जागी आहेत का, ही दुसरी. दोन्ही यंत्र करतं. पण फाइल दोन्हींत पास होऊनही चूक असू शकते, आणि ती पकडायला तुमच्या मुलीसारखं माणूस लागतं. समजा एका लेखात तीन शब्द तिरप्या अक्षरांत आहेत : एक जिवाणूचं शास्त्रीय नाव, एक लॅटिन शब्दप्रयोग आणि एक लेखकानं जोर द्यायला तिरपा केलेला. कागदावर तिघे सारखेच दिसतात, पण खुणा तीन वेगळ्या हव्यात. किंवा लेखकाचं नाव घ्या. शाळेच्या हजेरीपटावर आपण आडनाव आधी लिहितो, दाखल्यावर वडिलांचं नाव मध्ये येतं, तमिळ माणसाला कित्येकदा आडनावच नसतं. कुठला शब्द आडनावाच्या खुणेत टाकायचा हे चुकलं, की त्या संशोधकाचा निबंध सूचीत भलत्याच नावाखाली जातो. माणसाची वर्षांची मेहनत शोधूनही सापडत नाही. मला हे काम छोटं वाटत नाही.

आता मॅनेजरच्या एका दिवसाबद्दल. समुपदेशनात येण्यापूर्वी मी काही वर्षं याच धंद्यात होते. आमच्याकडेही मॅनेजर वेगळे, डेव्हलपर वेगळे बसवले होते. मॅनेजर नावं शिकून आले : स्कीमा (खुणांचे नियम), स्टायलशीट (मजकूर कसा दिसावा हे ठरवणारी फाइल), पार्सर (फाइल वाचून खुणा तपासणारा प्रोग्राम). महिनाभरातच क्लायंटनं संदर्भसूचीची मांडणी बदलायला सांगितली. लेखक, वर्ष, नियतकालिक हे भाग सुटे खुणावलेले असतील तर असा बदल स्टायलशीटमध्ये एका जागी होतो. आमच्या जुन्या फाइलींत प्रत्येक संदर्भ म्हणजे सलग एक ओळ होती, आत एकही खूण नव्हती. मॅनेजरनं न बघता दोन दिवसांत देतो म्हणून कळवलं, आणि टीमनं तीन आठवडे रात्री जागून हातानं काम केलं. त्या माणसाला कुणी एकदा फाइल उघडून दाखवली असती तर हे टळलं असतं. तो कामचुकार नव्हता, त्याला शिकवलंच अर्धं होतं.

म्हणून लीडरनं डेव्हलपरशेजारी बसणं हे खाली उतरणं नाही, बाई. कामाला किती दिवस लागतील हे ती आता स्वतः सांगू शकेल. नियम कुठे कडक ठेवायचे आणि कुठे सैल, हा निर्णयही दोघांनी मिळूनच घ्यायचा असतो. उदाहरणार्थ, लेख स्वीकारल्याची तारीख तो मिळाल्याच्या तारखेआधीची असू नये, हे साध्या स्कीमाला कळत नाही, त्यासाठी स्कीमाट्रॉन या जादा नियम लिहायच्या भाषेत वेगळा नियम लिहावा लागतो. असा नियम हवा हे संपादकाला सुचतं, लिहितो डेव्हलपर. तुमची मुलगी दोन्ही करू शकली तर टीममध्ये तिची गरज वाढेल.

चिरंजीवांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर आहे. दोन प्रोग्रामना एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करायची असेल तर जेसन सुटसुटीत पडतं. आपल्या आयकर विवरणपत्रांची फाइलही 2021 मध्ये एक्सएमएलवरून जेसनवर गेली. पण वाक्याच्या मध्येच एक शब्द तिरपा, पुढे तळटीप, त्यातच सूत्र, असा लांबलचक मजकूर जेसनमध्ये बांधणं फार जिकिरीचं होतं. त्यांना एक वर्डची डॉकएक्स फाइल घेऊन तिचं एक्स्टेन्शन झिप करून उघडायला सांगा. आत सगळ्या एक्सएमएल फाइली दिसतील. ई-पुस्तकांची ईपब याच घराण्यातली. 2011 पासून ठरावीक कंपन्यांना कंपनी मंत्रालयाकडे ताळेबंद द्यावा लागतो तो एक्सबीआरएलमध्ये, तेही मुळात एक्सएमएलच. साध्या खुणा घालण्याचं काम मात्र सॉफ्टवेअर अधिकाधिक स्वतः करू लागलं आहे, हे मी लपवणार नाही. नुसतं टॅगिंग येणाऱ्यानं सावध राहावं. तपासणारा आणि नियम ठरवणारा माणूस अजून लागतोच, आणि तिला तिकडेच जायचं आहे.

बाँडवर सही करण्यापूर्वी तिनं रक्कम बघावी. ती प्रशिक्षणाच्या खऱ्या खर्चाएवढी आहे का, आणि महिने जातील तशी कमी होते का? भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 74 प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाईच देतं, करारातली रक्कम ही फक्त कमाल मर्यादा. तरी न्यायालयाची पायरी चढायची वेळ येऊच नये म्हणून हे आधीच लेखी विचारलेलं बरं. एक वर्ष मला जास्त वाटत नाही, तीन असतं तर नको म्हटलं असतं.

प्रशिक्षकाकडे तिनं एक हट्ट जरूर धरावा : उदाहरणं पुस्तकांच्या दुकानाची आणि उपाहारगृहाच्या मेनूची नकोत, कंपनीच्याच अडलेल्या फाइली घ्या. क्रमात एक्सपाथ (फाइलीतली हवी ती खूण शोधायची भाषा) आधी पक्कं करावं, मग एक्सएसएलटी (फाइल दुसऱ्या रूपात बदलायची भाषा). एक्सपाथ कच्चं राहिलं की पुढचं सगळं डोक्यावरून जातं.

सहा दिवसांनंतर सराव सुटला तर महिनाभरात विसरायला होतं. पबमेड सेंट्रल या शोधनिबंधांच्या मोफत ऑनलाइन संग्रहावर हजारो खुले निबंध जॅट्समध्ये फुकट उतरवता येतात आणि जॅट्सची पूर्ण खूणसूचीही मोफत आहे. रोज रात्री एक निबंध घेऊन लेखकांची नावं, तारखा, संदर्भ वेगळे काढून बघावेत. दोन महिने पुरेत. 35,000 रुपये तुमच्याकडेच राहू द्या.

आणि सुट्टीत ती कराडला आली की तिला एक फाइल तुम्हाला दाखवायला सांगा. खुणा कुठे चुकल्यात ते तुम्हालाही दिसेल, याची मला खात्री आहे.