प्रायव्हसीच्या कायद्यासाठी काम करायचंय? मग माहिती अधिकारवाल्यांना सोबत घ्या

तुम्ही विचारलंय की कायद्याची पदवी नसताना डेटा संरक्षणाचा कायदा कडक व्हावा म्हणून काय करता येईल, आणि ऑनलाइन याचिकेवर सह्या जमवून काही होतं का. सह्यांनी फारसं काही होत नाही. पदवी लागत नाही. पण नुसतं 'कडक करा' म्हणू नका, कारण दंडाच्या आकड्यात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा कडकच आहे, २५० कोटींपर्यंत. त्यातला एक रुपयाही ज्याची माहिती फुटली त्याला मिळत नाही. सगळा दंड सरकारी तिजोरीत जातो. माझं दुखणं नेमकं हेच आहे.

आईचं पोट दुखत होतं म्हणून सोनोग्राफी केली. रिपोर्ट संध्याकाळी भावाच्या व्हॉट्सॲपवर आला, त्यात गाठ दिसत होती. डॉक्टरांना भेटल्याशिवाय आईला काही सांगायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेथी निवडत बसली होती आणि तिचा फोन वाजला. तिला ऐकू कमी येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. एक मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "मावशी, तुमच्या गाठीच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे चांगलं पॅकेज आहे." मी आतल्या खोलीतून धावत येईपर्यंत आईनं फोन ठेवला होता. मेथीची काडी तशीच हातात. म्हणाली, "कसली गाठ गं?"

गाठ साधी निघाली, आई आज ठणठणीत आहे. पण त्या प्रश्नाला उत्तर देताना माझी जी अवस्था झाली ती मी विसरू शकत नाही.

सेंटरवर जाब विचारायला गेले तर काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म काढून दाखवला. खाली आईची सही, मागच्या पानावर बारीक इंग्रजीत 'सहयोगी संस्थांना माहिती देण्यास संमती'. आई मराठी चौथी शिकलेली. बोट ठेवलं तिथे तिनं सही केली. (नव्या कायद्यात संमतीची सूचना मराठीतून मागता येते. कायद्यातली ही एक गोष्ट मला मनापासून आवडते.) वकिलांकडे गेले. त्यांनी आयटी कायद्याचं भरपाईचं कलम ४३-अ दाखवलं, २०११ च्या नियमांनुसार वैद्यकीय माहिती 'संवेदनशील' ठरते हेही सांगितलं. मग विचारलं, "नुकसान किती रुपयांचं झालं?" आईच्या त्या सकाळची पावती कुठून आणायची? भरपाईची ती एवढीशी वाटसुद्धा नवा कायदा बंद करतोय. त्याचं उरलेलं अंग लागू झालं की ४३-अ रद्द होणार.

आता आमच्या माहिती अधिकाराच्या गटातल्या सरांबद्दल लिहायलाच हवं. माहिती अधिकारात त्यांचं आयुष्य गेलंय आणि मी अर्ज लिहायला त्यांच्याकडूनच शिकले. त्यांचं जुनं म्हणणं: प्रायव्हसी हे पैसेवाल्यांचं आणि लबाड अधिकाऱ्यांचं खूळ. ऑगस्ट २०२३ मध्ये कायदा झाला तेव्हा त्यांचा फोन आला, "घ्या, तुमच्या कायद्यानं आमचा गळा कापला."

रागाचं कारण खरं होतं. या कायद्याच्या कलम ४४(३) नं माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ज) बदललं. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्यानं एखाद्याच्या खासगी आयुष्यावर विनाकारण घाला येतो, असं दाखवावं लागे. संसदेला वा विधिमंडळाला जी नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारायची नाही, असं परंतुकही होतं. ते सगळं गेलं. 'वैयक्तिक माहिती' एवढेच शब्द उरले. आणि क्रम बघा: नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले तेव्हा ही दुरुस्ती लगेच लागू झाली, आणि तुमचे-माझे हक्क मात्र १८ महिन्यांनी.

तरीही सर चुकतात. गळा प्रायव्हसीनं कापला नाही. २००५ पासून दोन्ही हक्क त्या एका कलमात नीट नांदत होते. प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांचा २४ ऑगस्ट २०१७ चा निकाल आठवा. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी २०१२ मध्ये सरकारच्याच आधार योजनेविरुद्ध कोर्टात गेले होते, आणि असा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाहीच, असं तिथे सरकार सांगत होतं. सत्तेपासून माणसाला वाचवायला मिळालेला हक्क कर्मचाऱ्याचं हजेरीपत्रक झाकायला वापरला जात असेल, तर भांडण वापरणाऱ्याशी करा. २०२३ च्या त्याच डेटा कायद्याच्या कलम १७(२) मध्ये सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणं देऊन केंद्राला आपल्या यंत्रणा कायद्यातून पूर्ण मोकळ्या ठेवता येतात. म्हणजे हजेरीपत्रकाला पडदा मिळाला आणि माझ्या आईच्या रिपोर्टला सरकारपासून पुरतं संरक्षण मिळालं नाही. सर आणि मी एकाच बाजूचे आहोत, हे मी त्यांना कधीपासून सांगतेय.

तुमच्या प्रश्नाकडे येते. विधेयक संसदेत गेल्यावर जागं होऊन काही उपयोग नसतो. हे विधेयक ३ ऑगस्ट २०२३ ला मांडलं गेलं, ७ ला लोकसभेत आणि ९ ला राज्यसभेत मंजूर झालं. काम करायचं ते मसुद्याच्या टप्प्यावर, किंवा आता दुरुस्तीची मागणी करून. कलमाचा क्रमांक लिहा, शेजारी त्या जागी कोणते शब्द हवेत ते लिहा. पीडिताला भरपाई द्या म्हणताना दाखला द्या की डेटा संरक्षण कायद्यासाठी सरकारनंच नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात भरपाईची तरतूद होती. खासदारांना भेटून सभागृहात प्रश्न विचारायला लावा. पाठवलेल्या सूचना स्वतःही जाहीर करा, कारण २०२२ च्या मसुद्यावर आलेल्या सूचना उघड करणार नाही असं केंद्राच्या आयटी मंत्रालयानं आधीच सांगून टाकलं होतं.

दोन गोष्टी राहिल्या. माहिती अधिकाराचं कलम ८(२) अजून शाबूत आहे. व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते, तेव्हा अपिलात त्याचा उल्लेख न चुकता करा. आणि नव्या कायद्यात खोटी किंवा उगाचच तक्रार करणाऱ्या नागरिकालाही १० हजारांपर्यंत दंड आहे, म्हणून लोकांकडून प्रकरणं गोळा कराल तेव्हा फॉर्म, मेसेज, कॉलची वेळ सगळं जपून ठेवायला सांगा. मी वकील नाही, अर्ज करण्याआधी एखाद्याला दाखवा.

सुरुवात तुमच्या तालुक्यातल्या माहिती अधिकाराच्या गटापासून करा. ते भांडतील. पीडिताला भरपाई, १७(२) ला लगाम आणि ८(१)(ज) पूर्ववत, या तिन्ही मागण्या एकाच कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवा.