तिघांचाही जीसीएस १५, मग निरीक्षण वेगळं का?

ताई, तुम्ही विचारलंय की तासगावच्या तुमच्या वॉर्डात एकाच रात्री डोक्याला मार लागलेले तिघे आले: दहा महिन्यांचं बाळ, तालमीतला सोळा वर्षांचा पोरगा आणि गोठ्यात घसरलेले आजोबा. तिघांचा जीसीएस, म्हणजे शुद्धीचा स्कोअर, पूर्ण १५, मग निरीक्षणाचा चार्ट एकच चालेल का? वेळापत्रक एक चालेल: पहिले दोन तास दर अर्ध्या तासाला, पुढे चार तास दर तासाला, मग दोन तासांनी. पण बघायचं काय, ते वयावर ठरतं.

बाळाला डोकं दुखतंय हे सांगता येत नाही. जीसीएसमधला त्याचा शब्दांचा स्कोअरही वेगळा, हुंकार आणि बोबडे बोल म्हणजे पैकीच्या पैकी पाच. आईला विचारा, "रोज असाच रडतो का? अंगावर पितोय का?" आई म्हणाली की हा नेहमीसारखा नाही, तर ते केसपेपरवर तिच्याच शब्दांत लिहा आणि डॉक्टरांना उठवा. शांत असताना उभं धरून डोक्यावरची मऊ टाळू बघा. कपाळावरच्या टेंगळापेक्षा बाजूच्या किंवा मागच्या टेंगळाची काळजी जास्त. तीन फुटांपेक्षा उंचावरून पडलं असेल तर तेही कळवा.

पैलवान पोरगा "काही नाही सिस्टर" असंच म्हणणार, जत्रेतली कुस्ती हुकेल ही त्याची भीती. वस्तादांना बाहेर बसवून विचारा: जोड कुणाशी होती, कुठल्या डावावर पडलास? महिने उलटे म्हणायला लावा, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं टेकवत एका रेषेत चालवा. उत्तर बरोबर आलं तरी रेंगाळून आलं, तर ती नोंद करा. सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे कन्कशन (मार लागून मेंदूचं काम तात्पुरतं बिघडणं) नाही, असं होत नाही. त्या दिवशी पुन्हा आखाड्यात नाही, हे वस्तादांना तुम्ही स्वतः सांगा.

मला सगळ्यात जास्त धास्ती आजोबांची वाटते. वयानं मेंदू आक्रसतो, कवटीत जागा होते, रक्त साचत राहतं आणि माणूस गप्पा मारत असतो. म्हणून गोळ्यांची पिशवीच मागवा. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल अशी रक्त गोठू न देणारी गोळी दिसली की लगेच कळवा. तारीख त्यांना एरवीही आठवत नसेल. द्राक्षबागेची छाटणी कधी झाली ते विचारा आणि मुलाकडून पडताळा. कानाचं यंत्र घातलंय ना, तेही बघा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्याची बाहुली आधीपासूनच वेडीवाकडी असू शकते, ती पहिल्याच नोंदीत लिहून ठेवा, नाहीतर रात्रपाळीची सिस्टर घाबरेल.

घरी सोडताना सुनेला बजावा: पुढच्या काही आठवड्यांत चाल अडखळली, बोलणं विसंगत झालं, दिवसाही झोप येऊ लागली, तर म्हातारपण म्हणून सोडू नका, लगेच घेऊन या.