गावातलं बंद पडलेलं स्वयंचलित हवामान केंद्र किलोवर भंगारात द्यावं का?

तुम्ही लिहिलंय, ग्रामपंचायतीच्या आवारातलं केंद्र तीन वर्षं बंद आहे आणि सरपंच म्हणतात किलोवर देऊन टाका. अकरा वर्षं याच यंत्रांची देखभाल करत मी तालुकाभर फिरलोय. 'किलोवर' वाचूनच डोकं फिरलं.

आमच्या संस्थेच्या शेतावरचं केंद्र वळवाच्या पावसात वीज पडून बंद पडलं. गेला होता फक्त मोडेम, म्हणजे आकडे पाठवणारा भाग. मी म्हटलं, बदलू. भांडारपाल म्हणाले, "डेडस्टॉकला एक नग आहे, अर्धा नग बदलता येत नाही." (डेडस्टॉक म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही.) मग निर्लेखनाची, म्हणजे वस्तू बाद ठरवून नोंदीतून काढण्याची, फाईल सहा वर्षं फिरली. तोवर पेटीतली १२ व्होल्टची बॅटरी फुगून गळली आणि मोजमापं साठवणाऱ्या डेटालॉगरच्या बोर्डावर हिरवी बुरशी चढावी तसं तांबं गंजलं. मोडेमच्या किमतीत वाचणारं यंत्र असं मेलं.

लिलावात भंगारवाल्यानं सगळं एकाच गोणीत कोंबलं. लोखंड आणि बॅटरी वेगळी काढली, वायरी ओढ्याकाठी जाळल्या. तो वास दुसऱ्या दिवशीही जात नव्हता. त्याला काय बोलणार, त्यानं तांब्याचे पैसे मोजले होते. दोष तराजू लावणाऱ्याचा.

त्याच्याकडून मी २०० रुपयांना पर्जन्यमापक परत घेतला. आत दोन कप्प्यांची झुलती वाटी. आमच्यातली ०.५ मिमी पाऊस भरला की कलंडते, तिच्यावरचा चुंबक रीड स्विचसमोरून जातो, चुंबकानं तो स्विच क्षणभर जुळतो, टिक. नरसाळ्यातलं कोळ्याचं जाळं काढलं, स्विचच्या दोन तारा जुन्या कॅल्क्युलेटरच्या '=' बटणाला जोडल्या. ०.५ + ०.५ टाकून ठेवायचं, प्रत्येक टिकेला ०.५ वाढत जातं. (पहिल्या टिकेलाच १ दिसतो, म्हणून शेवटी ०.५ वजा करायचे. आपोआप बंद होणारा कॅल्क्युलेटर घेऊ नका.) गच्चीवर पाच पावसाळे चालतोय, आणि हा म्हणे निर्लेखित!

तर तुमचं. आधी सुटं करा. बॅटरी जुनी बॅटरी परत घेणाऱ्या दुकानात द्या, शिशाला भाव मिळतो. २०२२ पासून बॅटरीच्या कचऱ्याचे नियमही वेगळे आहेत. सौर पॅनेल कडक उन्हात मल्टीमीटरवर १८ व्होल्टच्या वर दाखवत असेल तर फेकू नका, शाळेच्या दिव्याला लावून बघा. लॉगर, मोडेम, सेन्सर हा खरा ई-कचरा. तो नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडेच (रिसायकलरकडेच) द्यायचा. यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते. एवढ्याशा मालासाठी ते गावात येणार नाहीत, त्यामुळे तालुक्यातली दोन-चार बंद केंद्रं गोळा करून एकदम न्या. पोच घ्या.

हे आधी सांगायला हवं होतं: केंद्र नक्की कोणाच्या मालकीचं ते तपासा. जागा पंचायतीची असली तरी यंत्र बहुधा दुसऱ्याचं असतं. लेखी पत्राशिवाय स्क्रूसुद्धा काढू नका, नाहीतर बॅटरीचोर तुम्हीच ठराल. आणि शेजारी जुनी लाकडी झडपांची पांढरी पेटी असेल तर तिच्यातल्या काचेच्या तापमापकात पारा असू शकतो. ते गोणीत टाकू नका, फुटलेच तर झाडू मारू नका.

नवीन केंद्र आलं की ग्रामसेवकांना नोंदवहीत बॅटरी, पॅनेल, लॉगर, मोडेम, पर्जन्यमापक असे वेगवेगळे नग लिहायला लावा. आमचे भांडारपाल निवृत्त झाले, पण अजून म्हणतात तसा नियम नाही. नियम दाखवा म्हटलं की चहा मागवतात.