बूट माळ्यावर टाकून मार्क वाढत नाहीत

प्रश्न : माझा मुलगा ओंकार (नाव बदललं आहे) बारावी सायन्सला आहे. दहावीला 84 टक्के होते. अकरावीला पहिल्या सहामाहीत 66 आणि वार्षिकला 57. सातवीपासून बास्केटबॉल खेळतो, त्यासाठी रोज माटुंग्याला जायचा. शाळेकडून खेळला, नंतर जिल्ह्याच्या संघातही आला. या खेळानेच त्याचं वाटोळं केलं असं माझं स्पष्ट मत आहे. गेल्या वर्षी आषाढात, त्याचं कॉलेज सुरू होता होता, त्याची आई वारली. तेरावं होत नाही तोच हा बॉल घेऊन बाहेर! दिवाळीनंतर मी त्याचे बूट पिशवीत बांधून माळ्यावर टाकले. मध्यंतरी लमार ओडम या अमेरिकन बास्केटबॉल चॅम्पियनची मुलाखत पाहण्यात आली. एवढं नाव, एवढा पैसा, आणि शेवटी ड्रग्ज आणि कोमा. ओंकारला मुद्दाम शेजारी बसवून ती दाखवली. म्हटलं, बघ, चॅम्पियन होऊन काय होतं ते. तो काही बोलला नाही, अर्ध्यातून उठून आत गेला. मी बँकेत नोकरीला आहे. रात्री थोडी घेतो, पण मर्यादेत. घरात शिस्त आहे. बारावीनंतर वर्षभर ड्रॉप घेऊन त्याला राजस्थानात कोट्याला क्लासला पाठवावं का? इंजिनीअरिंगसाठी जेईई की सीईटी? आणि हे बास्केटबॉलचं खूळ त्याच्या डोक्यातून कसं काढू?
– एक पालक, नायगाव

उत्तर :

तुमच्या मूळ पत्रात जेईई, सीईटी आणि कोट्याच्या क्लासची फी यांना मिळून दीड पान आहे. ओंकारची आई एका ओळीत आटोपली आणि त्याच ओळीला लागून तक्रार सुरू झाली. इथे जागेअभावी पत्र छोटं केलं आहे, पण ती ओळ तुमचीच आहे, तशीच ठेवली आहे. करिअरचं नंतर पाहू. आधी ही ओळ.

तेरावं होताच पोरगा बॉल घेऊन बाहेर पडला, याचा तुम्हाला राग आला. नातेवाईकही काहीबाही बोलले असतील. आपल्याकडे दुःख कसं दिसावं याचं एक ठरलेलं चित्र असतं, पोराने कोपऱ्यात बसून रडावं असं. 1999 च्या वर्ल्ड कपमध्ये सचिन तेंडुलकरचे वडील, प्रा. रमेश तेंडुलकर, 19 मे रोजी गेले. सचिन इंग्लंडहून मुंबईला आला, अंत्यसंस्कार झाले आणि 23 मे रोजी तो ब्रिस्टलला केनियाविरुद्ध मैदानात होता. नाबाद 140. शतक झाल्यावर त्याने आकाशाकडे पाहिलं, ते आपल्या पिढीने टीव्हीवर पाहिलंय आणि रडलोयही. त्याला परत पाठवणारी त्याची आई होती. बाप जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि हा खेळतोय, असं तेव्हा कुणी म्हणालं नाही. मग तोच न्याय नायगावच्या पोराला का नको? त्याने वर्ल्ड कप खेळल्याशिवाय त्याच्या दुःखाला मान नाही का?

आता आकड्यांकडे या. तुम्ही बँकेतले, आकडे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळतात. तो सातवीपासून खेळतोय. म्हणजे दहावीचे 84 टक्के खेळत असतानाच आले. आई गेली आणि सहामाहीला 66 झाले. तेव्हाही तो खेळत होता. दिवाळीनंतर तुम्ही खेळ बंद केलात, आणि वार्षिकला 57. खेळ काढून घेतल्यावर टक्के वाढले नाहीत, आणखी नऊने पडले. हा हिशेब तुमच्याच पत्रात आहे, मी फक्त बेरीज-वजाबाकी केली. कर्जाच्या फाईलमध्ये असे आकडे आले असते तर कारण कुठे शोधायचं हे तुम्हाला विचारावं लागलं नसतं.

आता त्या मुलाखतीकडे वळतो, कारण पत्रात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती तिथे. तुम्ही ती पाहिलीत, पण पाहिजे तेवढंच घेतलंत. लमार ओडम न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला. बाप हेरॉइनच्या आहारी गेलेला. आई मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेली तेव्हा पोरगा बारा वर्षांचा होता. आजीने वाढवलं. 1999 साली एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, लॉस एंजेलिस क्लिपर्स संघाने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं. 2003 मध्ये आजी गेली. 2006 मध्ये त्याचं साडेसहा महिन्यांचं बाळ झोपेतच गेलं. हे सगळं पाठीवर घेऊन तो 2009 आणि 2010 मध्ये लेकर्स संघाकडून कोबी ब्रायंटच्या जोडीने चॅम्पियन झाला, आणि 2011 मध्ये राखीव खेळाडूंतला सर्वोत्तम ठरला. त्याच वर्षी त्याच्या चुलतभावाचा खून झाला. वर्ष संपायच्या आत लेकर्सने त्याला डलासच्या संघाकडे पाठवून दिलं, तिथे त्याचा खेळ बसला. मैदान सुटलं त्यानंतर. आणि ऑक्टोबर 2015 मध्ये तो नेवाडात बेशुद्ध सापडला. कोमा, एकामागून एक स्ट्रोक.

हा क्रम पुन्हा एकदा वाचा आणि सांगा, यात बास्केटबॉलने काय बिघडवलं? खेळाडूचा पैसा, प्रसिद्धी, भोवतीची माणसं यांनी आगीत तेल ओतलं, हे खरंच आहे. खेळत असतानाही तो धुतल्या तांदळासारखा नव्हता; 2001 मध्ये एका वर्षात दोनदा त्याला ड्रग्जच्या नियमाखाली निलंबित केलं होतं. पण एक अंत्ययात्रा संपून दुसरी निघेपर्यंत या माणसाला थांबून शोक करायला कुणी जागाच दिली नाही. तो तक्रार न करता खेळत राहिला आणि सगळ्यांना वाटलं, सावरलाय.

आणि ओंकारने काय ऐकलं असेल? तुम्ही त्याला व्यसनाची गोष्ट दाखवत होतात. समोर स्क्रीनवर एक सहा फूट दहा इंचाचा गडी बसलाय, आयुष्यभर काय काय गमावलं ते सांगतोय. आई गेली तेव्हा बारा वर्षांचा होता, हे त्याच्या प्रत्येक मुलाखतीत येतंच. तुमच्या शेजारी बसलाय तो सोळाव्या वर्षी आई गेलेला मुलगा. त्याला ड्रग्ज ऐकू गेले असतील असं तुम्हाला खरंच वाटतं? तो अर्ध्यातून उठून गेला, ते उर्मटपणाने गेला नाही. तुम्ही त्याच्या मागोमाग आत जायला हवं होतं. तुम्ही मुलाखत शेवटपर्यंत पाहिलीत.

‘खेळाचा नाद म्हणजे आज ना उद्या व्यसन’ हा समज फक्त तुमचा नाही, माझ्याकडे येणाऱ्या कित्येक आई-बापांच्या मनात तो असतो, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. व्यसन कुणाला लागेल याचं गणित कुणालाच नेमकं मांडता येत नाही, पण त्याच्या वाटा बऱ्याच माहीत आहेत. घरात आधीपासून व्यसन असणं, लहान वयात मोठा आघात, दुःख बोलून दाखवायला माणूस नसणं, आणि दिवसभरात स्वतःचं असं काही न उरणं. रोज ठरावीक वेळी मैदानावर जाणारा, प्रशिक्षकाला घाबरणारा, संघात ज्याची वाट पाहिली जाते असा मुलगा या वाटांपासून थोडा लांब राहतो. खेळाडू घसरतात, ते पुष्कळदा खेळ सुटल्यावर, दुखापतीनंतर किंवा निवृत्तीनंतर, जेव्हा सकाळी उठून कुठे जायचं हेच कळत नाही. तुम्ही ओंकारला सतराव्या वर्षीच निवृत्त केलंत. आणि बदल्यात काय दिलंत? क्लासच्या नोट्स.

घरात व्यसन, असं मी वर लिहिलं ते मुद्दाम. ‘रात्री थोडी घेतो, पण मर्यादेत’ हे वाक्य तुम्ही न विचारता लिहिलंत. करिअरच्या पत्रात हे कुणी सहसा लिहीत नाही. याचा अर्थ ते तुम्हाला स्वतःलाच खुपतंय. बायको गेल्यावर वाढली का? रोज का? ओंकार जेवायला बसतो तेव्हा बाटली टेबलावर असते का? उत्तर मला पाठवू नका, स्वतःला द्या. ओडमच्या गोष्टीतून तुम्हाला मुलासाठी धडा काढायचा होता. त्या गोष्टीत बापही आहे, तो तुम्ही सोडून दिलात. कठोर वाटेल, पण मला हे गोड करून सांगता येत नाही. तुमच्या घरापासून परळचं केईएम रुग्णालय जवळ आहे, तिथे मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. तिथे वेड्यांनीच जायचं असतं हा गैरसमज अजून असेल तर तो आता सोडा. आधी तुम्ही जा. बायको गेल्यानंतर सव्वा वर्ष नोकरी, मुलगा, स्वयंपाक सगळं एकट्याने ओढताय. तुम्हालाही कुणीतरी विचारलं पाहिजे. घराबाहेर पडायचं नसेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा, 14416, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. ओंकारला न्यायचं असेल तर ‘तुझ्यात काहीतरी बिघडलंय’ असं सांगून नेऊ नका. ‘मी जाऊन आलो, तू येतोस का?’ असं विचारा.

कोटा : नाही. आई गेलेल्या मुलाला बापापासूनही तोडून परगावच्या हॉस्टेलच्या खोलीत बसवायचं, तेही ज्या परीक्षेची त्याला ओढ असल्याचं तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही तिच्यासाठी? ड्रॉपचा विचार बारावीचा निकाल लागल्यावर त्याने स्वतःहून काढला तर करू.

जेईई-सीईटीचं एका ओळीत सांगतो : आत्ता एमएचटी-सीईटी आणि बोर्ड एवढंच धरा, सीईटीत 20 टक्के भार अकरावीचा असतो, तो भाग आधी पक्का करून घ्या, जेईई मेन अनुभवासाठी द्यायची तर देऊ द्या.

आणि बास्केटबॉलबद्दल खोटी आशा मी तुम्हालाही देणार नाही आणि त्यालाही नाही. आपल्याकडे हा खेळ खेळून घर चालवणारे थोडे. नागपाड्याच्या कोर्टांनी अब्बास मुंतसीरसारखा भारताचा कर्णधार दिला, 1970 चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. पण या खेळात पोटापाण्याचा खात्रीचा रस्ता तेव्हाही रेल्वे, सैन्यदल, बँका, आयकर खातं यांच्या संघांतून जायचा आणि आजही बराचसा तिथूनच जातो. 2015 साली पंजाबचा सतनाम सिंग एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय ठरला, सात फूट दोन इंच उंची, आणि तरीही तो एनबीएचा एकही सामना खेळला नाही. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण नुसतं जिल्ह्याला खेळल्याने ते मिळत नाही. वरच्या स्तरावरची कामगिरी लागते, प्रमाणपत्रांची पडताळणी होते. तेव्हा ‘खेळून नोकरी मिळेल’ या भरवशावर अभ्यास सोडणं हाही तितकाच वेडेपणा. ओंकार असं म्हणतोय, असं मात्र तुमच्या पत्रात कुठे नाही. त्याला फक्त खेळायचंय. खेळाच्या जवळ राहायचं असेल तर ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा देऊन फिजिओथेरपी, किंवा कुठलीही पदवी घेऊन पुढे शारीरिक शिक्षणाची बीपीएड, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षकाची पदविका, असे मार्ग आहेत. ते त्याच्यासमोर ठेवा, गळ्यात मारू नका.

आता या आठवड्यात करायचं ते. बूट खाली काढा, त्याला न सांगता. इतक्या महिन्यांत पाऊल वाढलं असेल, ते बूट होणारही नाहीत. तर नवीन घ्यायला त्याला घेऊन जा, क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडे खेळाच्या सामानाची दुकानं आहेत तिथे. वेळ ठरवून द्या, संध्याकाळी दीड तास, परीक्षेच्या आधीच्या महिन्यात कमी. एकदा त्याचा खेळ पाहायला माटुंग्याला जा. जाळीबाहेर उभे राहा, सूचना देऊ नका, फोनवर शूटिंग काढत बसू नका. घरी येताना रस्त्यात त्याच्या आईचा विषय निघाला तर निघू द्या. नाही निघाला तर तुम्हीच काढा. ती गेल्यापासून घरात तिचं नाव शेवटचं कधी घेतलं गेलं, आठवून पाहा.

कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनाही भेटा. शासनमान्य स्पर्धांत खेळलेल्या मुलांना बोर्ड स्तरानुसार सवलतीचे गुण देतं, पण प्रस्ताव कॉलेजमार्फत वेळेत जावा लागतो. उशीर झाला की कुणी ऐकत नाही. जिल्हा स्पर्धेचं प्रमाणपत्र त्याच्या कपाटात असेल, त्याला विचारून घ्या, उचकू नका. आणि पुढचं पत्र ओंकारला लिहायचं असेल तर त्याला लिहू द्या. तुम्ही ते वाचून, दुरुस्त करून पाठवायचं नाही.